नाणेघाटात नुसता रांजण बघून परत येऊ नका

तुमचा प्रश्न वाचला. मुंबईकडून येणार, सोबत साठीच्या पुढचे आईवडील आणि दहा वर्षांचा मुलगा, एक दिवस हातात. वैशाखऱ्याहून चढून जावं की जुन्नरकडून गाडीने माथ्यावर जावं, टाक्यातलं पाणी पिता येतं का, आणि मित्र म्हणतोय की "एक गुहा आणि एक दगडी रांजण, अर्ध्या तासात संपतं" ते खरं आहे का. गेली बावीस-तेवीस वर्षं मी लोकांना जुन्या घाटवाटांवर घेऊन जातोय, त्यातल्या काही उन्हाळ्यांत टाक्यांमधला गाळ काढायच्या कामातही होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमचा मित्र चुकीचं सांगत नाहीये. गाडी लावायची, रांजणापाशी फोटो काढायचा, नळीतून म्हणजे कातळातल्या अरुंद खिंडीतून खाली उतरून गुहेत डोकावायचं, अक्षरं कळत नाहीत म्हणून परत वर यायचं, नानाचा अंगठा म्हणतात त्या माथ्यावरच्या कड्यावर वारा खायचा, संपलं. बहुतेक लोक असंच बघतात आणि मग म्हणतात काही नाही तिथे. म्हणजे खरा प्रश्न कुठल्या बाजूने जायचं हा नाहीये, तिथे बघायचं काय हा आहे. ही जागा किल्ल्यासारखी किंवा देवळासारखी उभी नाही. इथे व्यापाऱ्यांचे तांडे घाट चढून दमून यायचे, थांबायचे, पाणी प्यायचे आणि पुढे जुन्नरकडे निघायचे. तर बघायची ती वाट आणि ते पाणी. बाकी सगळं, गुहेतला सातवाहन राणीचा लेखसुद्धा, त्या दोन गोष्टींमुळे तिथे आहे असं माझं मत आहे आणि दरवेळी तिथे गेल्यावर ते आणखी पक्कं होतं.

आता बाजूचं. हे तुमच्या लोकांच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे, मी इथून ठरवू शकत नाही. वैशाखरे गावाच्या पुढे कल्याण-माळशेज रस्त्यालाच वाट फुटते, तिथून माथ्यापर्यंत रमतगमत अडीच ते तीन तास लागतात. सुरुवातीला झाडी आणि ओढे, मग चढ वाढत जातो, आणि शेवटच्या टप्प्यात दगडी पायऱ्या आणि फरसबंदी लागते. तांत्रिक अवघड काही नाही पण दम लागतो आणि उतरताना गुडघे बोलतात. दहा वर्षांचा पोरगा आरामात चढेल, त्याची काळजी करू नका. आईवडील रोज तासभर चालणारे असतील आणि तुम्ही थंडीत पहाटे निघालात तर तेही चढतील, पण रोजची सवय नसेल तर हट्ट करू नका. जुन्नरहून चावंडवरून घाटघरला रस्ता येतो, साधारण तीस-पस्तीस किलोमीटर, गाडी पार माथ्यावर जाते. तिथून नळीतून गुहेपर्यंत उतरायला दहा-पंधरा मिनिटं, पायऱ्या उंचसखल आहेत पण हात धरून उतरता येतं.

मला विचाराल तर घरात दोन ड्रायव्हर असतील तर दोन तुकड्या करा. तुम्ही आणि मुलगा खालून चढा, बाकीचे गाडीने माळशेज चढून जुन्नरला वळसा घालून घाटघरला येऊ देत, त्यांना अडीच-तीन तास सहज लागतात म्हणजे दोघं जवळपास एकाच वेळी पोचता. संध्याकाळी सगळे एकाच गाडीत. आणि दोन तुकड्या जमत नसतील, सगळेच वरून येणार असाल, तर एक गोष्ट नक्की करा, गुहेपाशी थांबू नका, गुहेच्या खाली जुन्या वाटेने वीस मिनिटं उतरा आणि मग मागे वळून वर बघत परत चढा. त्या चाळीस मिनिटांत जे कळतं ते वर बसून कळत नाही. वर जाणाऱ्या माणसाला ती खिंड कशी दिसत असेल, गुहा आधी का दिसत नाही आणि अचानक कशी समोर येते, हे सगळं खालून येतानाच समजतं.

आता ही जागा इथेच का, ते सांगतो कारण हे कळलं की मग बाकी सगळं आपोआप लागतं. सातवाहनांच्या काळात समुद्राकडची बंदरं म्हणजे सोपारा आणि कल्याण, आणि देशावरची मोठी गावं म्हणजे जुन्नर, पैठण, त्याच्याही पलीकडे तेर. मध्ये सह्याद्रीची भिंत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात, पेरिप्लस म्हणतात त्याला, पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून गुजरातेतल्या भडोचला नेतात असं लिहिलंय आणि कल्याणचाही उल्लेख आहे. पण बैलगाडी हा घाट चढत नाही. तुम्ही त्या पायऱ्या बघाल तेव्हा लगेच पटेल, चाक तिथे चालणारच नाही. म्हणजे इथून माल जायचा तो जनावरांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर. चढून आलेल्या बैलाला तसंच पुढे हाकता येत नाही, त्याला उतरवून घ्यावं लागतं, पाणी पाजावं लागतं, ओझी मोजून परत नीट बांधावी लागतात. वर येणारा आणि खाली जाणारा दोघांनाही घाटाच्या तोंडाशी थांबणं भागच होतं. जिथे सगळ्यांना थांबावंच लागतं तिथे सावली लागते, पाणी लागतं, आणि राजाचा माणूसही तिथेच बसतो कारण त्याला चुकवून कोणी जाऊ शकत नाही. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले या वाटेच्या आसपास का उभे आहेत त्याचंही उत्तर हेच.

पाण्याचं मात्र जरा थांबून बोलू कारण लोक टाक्यांकडे बघतच नाहीत. तिथे खणलेली विहीर नाही, कातळात कोरलेली टाकी आहेत, आणि घाटमाथ्यावर विहिरीचं काम टाकंच करतं. सह्याद्रीचा हा दगड म्हणजे बेसॉल्ट, लाव्ह्याचे थरावर थर. अखंड थरातून पाणी जात नाही, पण भेगांतून आणि दोन थरांच्या मधून झिरपतं. ज्यांनी टाकी कोरली त्यांना हे पक्कं माहीत होतं, ते झिरप बघून जागा धरायचे. टाक्यापाशी गेलात की आधी तोंड बघा, मग वाकून आत बघा, बऱ्याचदा तोंड लहान आणि आतली पोकळी मोठी असते. छत राखून आत कोरत जायचं म्हणजे ऊन कमी लागतं, पाणी कमी उडून जातं, गार राहतं. पोकळी मोठी असेल तर छताला आधार म्हणून मधे खांब सोडतात, त्याला आपण खांबटाकं म्हणतो. तोंडाच्या वरच्या बाजूला कातळात बारीक चर दिसला तर तो पन्हळ, पावसाचं पाणी वळवून आत आणायला. चौकोनी किंवा गोल खड्डे दिसले, मूठभर रुंदीचे, तर ते लाकडी खांब रोवायचे, वर काहीतरी छप्पर घालत असणार. छिन्नीचे घाव शोधा मुलाला घेऊन, भिंतीवर तिरके तिरके ओरखडे असतात, ते एकदा दिसले की पोरं टाक्यावरून हलत नाहीत हा माझा अनुभव आहे.

आणि हा हिशोब मुलाला करायला लावा. एक बैल दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो. शंभर बैलांचा तांडा म्हणजे तीन ते चार हजार लिटर, माणसं वेगळी. आता तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल टाकं धरा, त्यात १८,००० लिटर मावतात. म्हणजे एक टाकं शंभर बैलांना साडेचार ते सहा दिवस पुरेल, तेवढंच. पाऊस इथे चार महिने आणि तांडे चालणार ते उरलेल्या कोरड्या आठ महिन्यांत, जेव्हा समुद्र शांत असतो आणि वाट सुकलेली असते. मग एका टाक्याने कसं भागणार? म्हणून तिथे एक नाही, वाटेला धरून अनेक टाकी आहेत. मी पहिल्यांदा हे आकडे कागदावर मांडले तेव्हा मला त्या जागेचा आकार कळला, तोपर्यंत मीपण गुहेतच अडकून होतो.

ही टाकी कोणी कोरली याचं एक उत्तर तर तिथेच दगडावर आहे आणि ते मला राणीच्या लेखापेक्षा जवळचं वाटतं. एका टाक्यापाशी छोटासा ब्राह्मी लेख आहे, अर्थ इतकाच की सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेली पोढी. पोढी म्हणजे टाकं, त्या काळातला प्राकृत शब्द. बाकी त्याच्याबद्दल काही नाही, ना पदवी ना राजाचं नाव. पण विचार करा, सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, समुद्रकाठचा माणूस, तो एवढ्या लांब घाटाच्या डोक्यावर टाकं का कोरून देईल? कारण तो किंवा त्याची माणसं या वाटेने जात-येत असणार आणि कधीतरी पाण्यावाचून तडफडली असणार, असं मला वाटतं, आणि ज्याने ती तहान बघितली तो दुसरं काय दान देणार. पाण्याचं दान हे त्या काळी मोठं पुण्य होतंच. नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे, त्यात त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे आपलं सोपारंच, इथे प्रवाशांसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी-तळी केली, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या असं लिहिलंय. जुन्नरला मानमोडीच्या डोंगरात नहपानाच्याच अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे, वर्ष ४६, त्याने दिलं काय तर एक पोढी आणि एक मंडप. जुन्नरच्याच लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने म्हणजे संघाने सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दिल्याचा लेख आहे. राजाच्या जावयापासून गोविंददासापर्यंत सगळे पाणीच देतायत. ही साखळी डोक्यात ठेवून नाणेघाटच्या टाक्यापाशी उभे रहा.

आता गुहा. ही बौद्ध विहार नाही, खोल्या नाहीत, तीन बाजूंना भिंतीला लागून दगडी बाक आहेत. उन्हातून चढून येऊन त्या बाकावर बसा, आधी लेख वाचायला धावू नका, पाच मिनिटं नुसते बसा, गारवा काय असतो ते कळेल. मग भिंतींकडे बघा. डाव्या-उजव्या भिंतींवर मोठा ब्राह्मी लेख आहे, पहिला सातकर्णी राजा आणि त्याची राणी नागनिका, तिच्या काळातला, इसवी सनापूर्वीचा. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना वंदन आहे, आणि मग यज्ञांची यादी, दोन अश्वमेध, राजसूय वगैरे, आणि प्रत्येकाची दक्षिणा किती दिली ते आकड्यांत. कुठे १,७०० गाई आणि १० हत्ती, कुठे २४,४०० कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी. हे आकडे फार महत्त्वाचे आहेत कारण भारतात संख्या चिन्हांनी लिहिल्याच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत नाणेघाट येतो. तेव्हा शून्याचं चिन्ह नव्हतं, दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. १८२८ मध्ये साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लेखाची नोंद केली पण यातली काही चिन्हं अक्षरं नसून आकडे आहेत हे ओळखलं ते पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी.

मागच्या भिंतीवर पुतळे होते, कोरलेले, आता फक्त पावलांच्या खुणा राहिल्यात आणि वर नावं. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, एक महारठी म्हणजे मोठा सरदार. नीट विचार केला तर पुतळे इथे का, राजधानीत का नाहीत? कारण देशावर येणारा प्रत्येक परका व्यापारी या गुहेत टेकणार होता, आणि त्याला समोर राजघराणं दिसणार होतं, शिवाय किती गाई-घोडे दान दिले ते. मी हे असं वाचतो. कोणी नुसतं धार्मिक स्मारक म्हणेल, त्यालाही आधार आहे, पण जागा बघता माझा कल इकडेच.

लेख बघायची एक रीत सांगतो. सरळ टॉर्च मारलात तर काही दिसत नाही, सगळं सपाट. टॉर्च भिंतीच्या कडेला, जवळजवळ भिंतीला समांतर धरा, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि ओळी उठून दिसतात. मोबाईलचा टॉर्च चालतो. जाळीच्या आत हात घालणं, अक्षरांवर पाणी मारणं, खडू किंवा पीठ चोळणं हे काहीही करू नका, संरक्षित स्मारक आहे आणि दोन हजार वर्षं टिकलेला दगड आपल्या एका फोटोसाठी झिजतो. आधीच बराच लेख गेलाय.

रांजणाबद्दल लवकर संपवतो. गाइड सांगतात जकातीची नाणी त्यात टाकायचे म्हणून नाणेघाट. ही परंपरा आहे, सुंदर आहे, मुलाला जरूर सांगा, पण परंपरा म्हणून सांगा. इथे जकात घेतली जात असणार हे मला पटतं, वाटच तशी आहे. उघड्यावरच्या एवढ्या मोठ्या दगडी भांड्यात नाणी साठवायचे का, की ते पाण्याचंच होतं, यावर मी पाण्याच्या बाजूने आहे. टाक्याचं तोंड लहान असलं की पाणी उपसून कशात तरी ओतावंच लागतं.

ऋतू. पावसाळ्यात सगळे उलटा धबधबा बघायला येतात, समोरून येणारा वारा कड्यावर आदळतो आणि पाणी वर फेकतो, बघण्यासारखंच आहे. पण मग ती ट्रिप धबधब्याची होते. धुक्यात खालचं कोकण दिसत नाही, गुहा ओली आणि अंधारी, नळीतल्या पायऱ्यांवर शेवाळ, आणि शनिवार-रविवारी इतकी गर्दी की नळीत माणूस अडकतो. प्रशासन कधी कधी बंदीचे आदेशही काढतं, निघण्याआधी बघून घ्या. आईवडील आणि मूल घेऊन मी तरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सांगेन, जमलं तर आठवड्यातला मधला वार. हवा स्वच्छ असते, टाकी भरलेली असतात आणि नानाच्या अंगठ्यावरून खालचा मुलूख लांबवर दिसतो, गोविंददास कुठून आला असेल ते बोटाने दाखवता येतं. अंगठ्याच्या कड्याला मात्र मुलाचा हात सोडू नका, वारा तिथे कुठल्याही महिन्यात झोडपतो.

पाणी पिता येतं का? मी सरळ सांगतो, तसंच नको. एकदा एप्रिलमध्ये चौदा जणांना घेऊन खालून चढलो होतो, वर टाक्यात पाणी आहे हे माहीत होतं म्हणून प्रत्येकी एकच लिटर घ्यायला सांगितलं, ती माझी चूक. वर पोचलो तर नेहमीच्या टाक्यात थर्माकोलच्या प्लेटा, वेफर्सची पाकिटं आणि हिरवा तवंग. दुसऱ्यात कोणीतरी साबण लावून आंघोळ केलेली. एका मुलीला उन्हाचा त्रास झाला, सगळ्यांच्या मिळून दोन-तीन बाटल्या उरल्या होत्या त्या तिला दिल्या, आणि घाटघरच्या एका आजींनी घरातलं पाणी दिलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून चढणाऱ्या माणशी तीन लिटर, कमी नाही. गाववाले कुठल्या टाक्याचं पितात ते विचारलंत तर सांगतात, पण तेही पाणी फडक्याने गाळून, उकळून किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकूनच घ्या. आणि टाक्यात उतरायचं नाही, पायसुद्धा बुडवायचे नाहीत. दोन कारणं आहेत. एक, कडा निसरड्या आणि आत पाय टेकत नाही, पोहता येणारा माणूसही लहान तोंडातून बाहेर येताना घाबरतो. दुसरं, कोणीतरी ते पिण्यासाठी दिलेलं आहे.

थोडक्यात तुमचा दिवस असा लावा. पहाटे निघून सातच्या आसपास वैशाखऱ्याच्या पुढून चढायला सुरुवात, दहाच्या सुमारास गुहा, बाकावर बसणं, लेख, मग टाक्यांना निवांत एक तास, मग नळी, रांजण, माथ्यावर घरच्यांची भेट, जेवण, अंगठा. वरूनच येणार असाल तर तेच उलट, फक्त गुहेखालची ती वीस मिनिटांची उतरण गाळू नका. एक मुक्काम वाढवता आला तर जुन्नरला रहा आणि दुसऱ्या सकाळी मानमोडीची लेणी बघा. तिथली वाट जरा शोधावी लागते, गावातून कोणी सोबत घ्या, आणि मधमाश्यांची मोठी पोळी असतात त्यामुळे अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. जायच्या आधी मुलाला ब्राह्मीतली 'प' आणि 'ढ' ही दोन अक्षरं कागदावर काढून द्या, नेटवर तक्ते सहज मिळतात. पोढी हा शब्द त्याला त्याचा त्याला शोधू देत, तुम्ही शेजारी टॉर्च तिरका धरून उभे रहा.